उंबऱ्यातली वीट

बिंदेसरी काकांनी विडी विझवली आणि पोरांना जवळ बोलावलं. जागेश्वर मंडल त्यांचा सख्खा साडू, तेव्हा या गप्पा नव्हेत.

छठच्या उपासाची दुसरी रात्र. जागेश्वर कहलगावहून मुलाचं औषध घेऊन निघाला. टुन्ना सहा वर्षांचा, अंगात तापाचा भडका. जाताना बायको सुगनीनं बजावलं होतं, "टुन्नाचे बाबा, पान चघळत कुठं बसलात तर बघा!" बसला नव्हता. दवाखान्यातच अंधार पडला.

वाट विक्रमशिलेच्या टेकाडावरून. पालराजानं तिथं विद्यापीठ उभारलं, दारादारांत पंडित बसवले. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देईल तोच आत. मग घोडेस्वार आले. पोथ्या जळाल्या, माणसं जळाली. उरल्या विटा, त्या आमच्या गावानं पळवल्या. कुणी चूल मांडली, कुणी गव्हाण बांधली. जागेश्वरनं तर तिथल्या दाराचीच वीट आणून उंबऱ्यात बसवली.

"वीट आणलीत, तिच्यावरचा पंडितही आणलात का?" सुगनी तेव्हा हसली होती.

आणि पोराला शाळेत घातलं? छे! चारा कापायला बसवलं. त्या पात्यात टुन्नाची उजवी करंगळी गेली. बापाची एवढी अक्कल!

टेकाड ओलांडलं. काही झालं नाही.

घराचं दार उघडं. आत दिवा. उंबऱ्यावर कुणीतरी बसलेलं... म्हातारा. मुंडण केलेलं डोकं. वस्त्राला जळका वास.

त्यानं काहीतरी विचारलं. भाषा कळेना. विचारतोय, एवढंच कळलं.

"बाबा, सरका हो. पोरगं तापानं फणफणलंय."

पुन्हा तेच विचारलं.

जागेश्वरचा पाय उचलेना.

"अहो, आत या ना! मोकळ्या दारात काय उभे राहिलात?" आतून सुगनी ओरडली. "पोराचे डोळे फिरलेत!"

म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा विचारलं...

उत्तर आतून आलं. टुन्नाचा आवाज. त्याच भाषेत. सावकाश. कुठं अडखळणं नाही.

म्हातारा हसला. उठला. आत गेला.

मग सुगनीची किंकाळी...

औषधाची बाटली जागेश्वरच्या मुठीतच राहिली. सकाळी पोराला उचलून बाहेर नेताना तो उंबऱ्याशी थबकला. शेकडो वर्षांपूर्वी भाजलेली वीट. तिच्यात पंजा उमटला होता. ओल्या मातीत दाबावा तसा, खोल. लहान पंजा.

काकांनी दुसरी विडी पेटवली.

"मग?" पोरांनी विचारलं.

"मग काय... करंगळी नव्हती."