हेरंबची सरळ रेषा

या रविवारीही सर्वांत आधी रणजितच मेला.

पडक्या कारखान्याच्या गच्चीवर तो भर उन्हात, बंदूक खाली करून, दिसेल असा उभा राहिला आणि समोरच्या तुकडीतल्या कुणीतरी त्याला आरामात टिपलं. "गेलो रे!" म्हणत तो कोसळला. मरणाऱ्या माणसाच्या मानाने त्याचा आवाज फारच खुशीत होता.

"भडंग!" अल्ताफ ओरडला.

"पाठवतो की. उद्या पोचतंय बघ," असं म्हणून रणजित खेळातून बाहेर पडलासुद्धा.

हेरंब दाभाडेने उरलेली लढाई दातओठ खात एकट्यानेच लढल्यासारखी लढली, कारण अल्ताफचंही निम्मं लक्ष चहाकडे होतं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर या तिघांनी संगणकावर 'धुमश्चक्री' हा लढाईचा खेळ खेळायला सुरुवात केली, तेव्हा रणजितला घरून, जयसिंगपूरहून, भडंगाचा डबा यायचा. जो आधी मरेल त्याने बाकीच्यांना भडंग द्यायचं, हा नियम तेव्हाचा. आता तिघंही पंचेचाळिशीला टेकले होते. हेरंब पुण्यात, अल्ताफ सोलापुरात आणि रणजित पुन्हा जयसिंगपुरात. खेळात शिरायचा मुकुट कपाळावर चढवला की तिघं त्या कारखान्याच्या आवारात शेजारी शेजारी उभे राहायचे. नियम मात्र बदलला नव्हता, आणि हेरंबच्या स्वयंपाकघरात भडंगाची पाकिटं साठत चालली होती.

"तो मुद्दाम मरतो," अल्ताफ त्या दिवशी म्हणाला. "तुला खरंच कळलं नाही? सहा वाजता त्याची पोरगी येते तळ्याकाठी."

'तळ्याकाठी' हा दुसरा खेळ. त्याला खेळ म्हणायचं की नाही यावर हेरंबची दोन मतं नव्हती. तळ्याशेजारी एक जमिनीचा तुकडा मिळतो. बी पेरायचं, पाणी घालायचं आणि वाट बघायची, बस्स. झाड खऱ्या झाडाच्याच गतीने वाढतं. पैसे भरूनही ते लवकर वाढवता येत नाही. रणजितची बायको वेगळी होऊन नागपूरला गेली तेव्हा मुलगी शाल्मली पाच वर्षांची होती. बापलेकीने त्या आठवड्यात तिथे आंब्याची कोय लावली. आता पोर नऊ वर्षांची झाली होती, झाड तिच्यापेक्षा उंच झालं होतं आणि यंदा पहिला मोहोर यायचा होता. रोज संध्याकाळी दोघं त्या झाडाखाली बसत.

"बसून करता काय रे?" हेरंबने फोन करून विचारलं.

"काही नाही. बसतो."

"म्हणजे बोलता?"

"कधी बोलतो. कधी ती गृहपाठ करते, मी तळ्याकडं बघतो. बरं वाटतं, मर्दा."

"पिक्सेल आहेत रे ते!"

रणजित हसला. राग आला नाही त्याला. हेरंबला मात्र आला, आणि तो आठवडाभर उतरला नाही.

हेरंबचा पोटापाण्याचा धंदा हाच होता, हे इथे सांगायला हवं. मुकुट बनवणाऱ्या कंपनीत तो रुचिमापन विभागाचा प्रमुख होता. खेळताना माणसाला नेमका कुठे आनंद होतो ते मुकुट कपाळावरून टिपतो. मारल्यावर होतो, जिंकल्यावर होतो, की नुसतं काही उगवलेलं बघून होतो? अशा टिपणांची वर्षानुवर्षांची जी रेघ तयार होते ती त्या माणसाची रुचिरेषा. लाखो माणसांच्या रेषा एकाच वळणाने जातात. विशीत माणसाला जिंकायचं असतं. तिशीत गोष्ट पुढे काय होते ते बघायचं असतं. चाळिशीनंतर स्पर्धेची भूक मरते आणि लोक मासे धरायला, शब्दकोडी सोडवायला, बागा लावायला पळतात. लढाईचे खेळ विकणाऱ्या कंपनीला हे वळण अर्थातच खुपत होतं, म्हणून तिने 'स्थिरक' बनवायला घेतला होता. मुकुटाच्या आतल्या बाजूला तांदळाएवढी टोकं बसवायची. हव्या त्या जागी आनंदाची लाट उठली की टोकांनी तिला सौम्य विजेचा रेटा द्यायचा, नको तिथे उठली की दाबायची. काही आठवड्यांत मेंदू ती नवी वाट पाठ करतो. चाचण्या चालू होत्या, त्याही फक्त लेखी संमती दिलेल्या माणसांवर.

आणि लाखो रेषांमध्ये एक रेषा कुठेच वळत नव्हती. ती हेरंबची. विभागातली पोरं तिला 'साहेबांची सरळ रेषा' म्हणत. वाढदिवसाला त्यांनी ती छापून, चौकटीत घालून त्याला भेट दिली होती. ती चेष्टा आहे हे हेरंबच्या लक्षात आलं नाही. त्याने ती टेबलामागच्या भिंतीवर लावली.

रणजितच्या वाढदिवसाला हेरंबने त्याला नवा मुकुट पाठवला. एक अल्ताफलाही पाठवला, एकाला दिला आणि एकाला नाही असं दिसू नये म्हणून. अल्ताफने खोकं माळ्यावर टाकलं. "माझ्या डोक्याला जुनाच बास झाला," तो म्हणाला. रणजितने मात्र त्याच दिवशी मुकुट चढवला, फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, 'लई हलका आहे.' आत स्थिरक बसवलेला आहे हे हेरंबने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, हे हेरंबला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. मग एका रविवारी रणजित दुसरा मेला. पुढच्या रविवारी तो मेलाच नाही. सहा वाजून गेले तरी तो गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत होता, शिव्या देत होता, होस्टेलवर द्यायचा त्याच शिव्या. ऐकताना हेरंबचे डोळे भरून आले. हे खरंच झालं, आणि ते नोंदवल्याशिवाय त्याच्यावर रागावणं बरोबर होणार नाही.

"सहा वाजले रे," अल्ताफने आठवण केली.

"वाजू देत की. रोज रोज काय तळ्याकडं बघायचं?"

भडंग यायचं थांबलं. साठलेली पाकिटं हेरंबने ऑफिसात वाटून टाकली.

मग तो रविवार आला. लढाई ऐन रंगात असताना रणजित म्हणाला, "अरे, सांगायचंच राहिलं. काल ते झाड तोडलं."

"कुठलं?"

"आंब्याचं रे. मोहोर आला म्हणून बोलावून घेतलं होतं पोरीनं. बघून बघून किती बघायचा? कुऱ्हाड होती, हाणली. ढीगभर लाकूड मिळालं! एवढी किंचाळली, लेका, मला हसूच आवरेना."

हेरंब हसला. जोरात हसला. अल्ताफ मात्र खेळातून निघून गेला. तो परत कधी आला नाही.

तीन आठवड्यांनी हेरंबला नागपूरहून फोन आला.

"हेरंबकाका, मी शाल्मली. रणजित मगदुमांची मुलगी." पोरीने बापाचं नाव पूर्ण सांगितलं, जणू नुसतं शाल्मली म्हणून कुणी ओळखणार नाही. "बाबांना बरं नाही का?"

"बरे आहेत की! का गं?"

"ते माझ्याशी भांडलेले नाहीत. मी काही चुकले असेन तर ते आधी सांगतात, मग रागावतात. या वेळी रागावले पण नाहीत. हसत होते. आईला सांगितलं नाही मी. आई म्हणेल, जाऊ नकोस तिकडे. काका, तुम्ही त्यांचे सगळ्यांत जुने मित्र आहात ना? ते लहानपणी असेच होते का?"

"असेच होतो आम्ही सगळे," असं हेरंब म्हणणार होता. पण त्याला एकदम होस्टेलच्या मागची मांजर आठवली. पिल्लं झाल्यावर रणजित आठवडाभर लढाई सोडून त्या खोक्यापाशी बसला होता, आणि हेरंबने त्याला 'बाई' म्हणून चिडवलं होतं. एकोणिसाव्या वर्षीही रणजित असा नव्हता.

फोन ठेवून त्याने सहकारी मीनल घाटपांडेला बोलावलं आणि सगळं सांगितलं. संपल्यावर तिने दोनच प्रश्न विचारले.

"नमुना कुणाचा लावलास?"

स्थिरकाला नमुना लागतो, म्हणजे माणसाची आवड कुठल्या रेषेशी जुळवायची ती रेषा. नियमाप्रमाणे ती त्याच माणसाची, तरुणपणातली हवी. पण रणजित एकोणीस वर्षांचा असताना मुकुट जन्मालाच आले नव्हते.

"माझा," हेरंब म्हणाला. "माझी रेषा बदललेली नाही. आम्ही तेव्हा एकसारखेच होतो."

मीनलने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं.

"आणि त्याची स्वतःची रेषा? सुरू करण्याआधी उतरवून ठेवलीस ना?"

नव्या मुलांना हेरंब पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. आधी जुनं जपून ठेवा, मग हात लावा. पण रणजितच्या बाबतीत त्याला वाटलं होतं, हा गाळ कशाला जपायचा?

"नाही," तो म्हणाला.

"मग कशावर परत नेणार आहेस त्याला?" मीनल उठली. "स्थिरक बंद कर. बंद केल्याने तो परत येणार नाही, पण बंद कर. वरिष्ठांना मी उद्या सांगणार आहे, आज नाही. आज तू त्याला सांग."

हेरंबने स्थिरक बंद केला आणि संध्याकाळी रणजितला फोन लावला. माफी मागायची म्हणून त्याने वाक्यं जुळवली होती, ती त्याने घाईघाईने म्हणून टाकली. रणजित हसायला लागला.

"म्हणजे हे तुझं काम होय? अरे, भारी केलंस! चार वर्षं नुसता कुढत होतो मी. सकाळी उठलो की पोरगी, झोपलो की पोरगी. आता डोकं कसं मोकळं झालंय."

"रणजित, तू ते झाड तोडलंस."

"मग?"

"शाल्मली फोनवर—"

"पिक्सेल आहेत रे ते," रणजित म्हणाला. "सांग तिला, दुसरं लाव म्हणावं. रविवारी येतोयस ना?"

आवाज रणजितचा होता. पण असं कोण बोलतं हे हेरंबला ओळखू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्यासारख्या माणसाशी बोलावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी, कंपनीने त्याच्या हातातल्या मुकुटांच्या किल्ल्या काढून घेण्याआधी, हेरंबने एक शेवटचं काम केलं. शहाण्या माणसाने ते केलं नसतं. त्याच किल्ल्या वापरून, रणजितच्या नावाने तो स्वतः 'तळ्याकाठी'त शिरला. रणजितचं रूप आणि रणजितचा आवाज यंत्राने त्याच्यावर चढवला. रोज अर्धा तास बसायचं, एवढंच तर आहे, असं त्याने ठरवलं होतं. बाप परत आला असं पोरीला वाटलं म्हणजे झालं.

सहा वाजले होते. तळ्यावर उतरतं ऊन होतं. आंब्याच्या जागी बुंध्याचं पांढरं लाकूड दिसत होतं आणि त्याच्या शेजारी शाल्मली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्याला बघून ती उठली नाही, पळालीही नाही. जरा सरकून तिने शेजारी जागा केली.

"नवीन कोय लावली," ती म्हणाली. "आज कोंब आला. बघा ना."

हेरंब बसला. त्याने कोंबाकडे पाहिलं. तांबूस, करंगळीएवढा कोंब होता. मग त्याने तळ्याकडे पाहिलं. पाणी हलत नव्हतं. त्याने पुन्हा कोंबाकडे पाहिलं. काहीही घडत नव्हतं. आणखी काही घडायला वर्षं लागणार होती. आपण पोरीवर दया करायला आलो आहोत, हे त्याने स्वतःला दोनदा बजावलं. त्याच्या मुकुटात स्थिरक नव्हता. त्याला तो कधी लागलाच नव्हता. तरीही मांड्या अवघडल्या, मान आखडली, आणि कपाळामागे कुठेतरी जुनी, ओळखीची खाज सुरू झाली. हे सगळं मोडलं तर कसा आवाज येईल?

"बाबा," शाल्मली म्हणाली. ती कोंबाकडेच बघत होती आणि तिचा एक हात कोंबाभोवती आडोशासारखा धरलेला होता. "तुमच्या हातात कुऱ्हाड आहे."

हेरंबने खाली पाहिलं. कुऱ्हाड होती. ती कधी उचलली, हे त्याला आठवत नव्हतं.

"आज तुम्ही नुसतं बसाल ना, बाबा?"