खुर्चीपुढचे खडूचे पाय

वर ‘सत्य घटना’ असं लिहून खाली थापा मारणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.

या फेसबुक पानावरच्या भुताच्या गोष्टी मी वाचल्या आहेत. तारीख नसते. गावाचं नाव नसतं. ‘माझ्या मित्राच्या मामाला’ एवढाच पुरावा. अशी बातमी माझ्याकडे आली असती तर मी ती केराच्या टोपलीत टाकली असती.

मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात अठ्ठावीस वर्षं बातमीदार आहे. म्हणून आधी तपशील.

बुधवार, १५ जानेवारी २०२५. दुपारचे चार वाजून पाच मिनिटं. रंकाळ्याच्या मागच्या गल्लीतलं इंगवले कलादालन.

अमावास्या नव्हती. वीज गेली नव्हती. कुत्रं रडत नव्हतं. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं.

आमच्या शहराला कलानगरी म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात पन्हाळ्यावरून खाली उतरलेला माणूस जेवायची वेळ होईपर्यंत कुठंतरी सावलीत थांबायचं म्हणून कलादालनात शिरतो. त्या दिवशीही पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. पाठ चित्रांकडे, तोंड मोबाईलकडे. सात मिनिटांत ते तांबड्या रश्श्याच्या शोधात बाहेर पडलं.

मग मी आणि अमरसिंह दोघंच उरलो. अमरसिंह म्हणजे चित्रकार सयाजी इंगवले यांचे चिरंजीव. वडिलांच्या जन्मशताब्दीची बातमी त्यांना हवी होती.

“सर, पहिल्या पानावर घ्या की. बाबा म्हणजे काय साधं नाव न्हाय.”

“घेऊ,” मी म्हणालो. हे मी सगळ्यांनाच म्हणतो.

भिंतींवर साखर कारखान्यांचे अध्यक्ष, दोन इनामदार, तीन पैलवान. प्रत्येक चित्राखाली पितळी पाटी. नाव, गाव, हुद्दा. एका पैलवानाखाली तर त्याच्या वस्तादाचंही नाव होतं.

शेवटची, माडीवरची खोली म्हणजे इंगवल्यांचा जुना स्टुडिओ. मधे कॅनव्हास टेकवायचा ईझल, रिकामा. त्याच्यासमोर वीतभर उंचीचा लाकडी चौथरा आणि त्यावर हातांची खुर्ची. खुर्चीमागच्या भिंतीवर एकच चित्र. लाल पटका बांधलेला, त्याच खुर्चीत बसलेला म्हातारा.

पाटीवर लिहिलं होतं, ‘वृद्ध. प्रात्यक्षिक, १९९८.’

“बाबांचं सगळ्यात मोठं काम,” अमरसिंह म्हणाले.

मला माहीत होतं. ते चित्र होत असताना मी याच खोलीत होतो.

ज्यांनी प्रात्यक्षिक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॉडेल समोर बसतो आणि चित्रकार लोकांदेखत त्याचं चित्र करतो. दर वीस मिनिटांनी चित्रकार ‘उठा’ म्हणतो. मग मॉडेलनं पाय मोकळे करायचे. उठण्याआधी त्याच्या पावलांभोवती खडूची रेघ मारतात, म्हणजे परत बसताना पाय बरोबर तिथंच पडतात. ‘उठा’ म्हणेपर्यंत हलायचं नाही, हा नियम.

रविवार, ११ जानेवारी १९९८. त्या दिवशी इंगवल्यांचा हात असा काही चालला की सव्वादोन तासांत त्यांनी एकदाही ‘उठा’ म्हटलं नाही.

चित्र पूर्ण झालं. टाळ्या झाल्या. म्हातारा उठला नाही. कुणीतरी ओरडलं, “अरं, मॉडेल अजून पोझमधीच हाय की!” हशा पिकला.

म्हातारा तेव्हा गेलेला होता.

हे मला नंतर कळलं. टाळ्या सुरू होताच मी निघालो होतो. बातमी द्यायला उशीर होत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या मृत्यूची चार ओळींची बातमीही मीच केली. इंगवले पुढं चार वर्षं जगले, पण त्यांनी पुन्हा ब्रश धरला नाही.

तर त्या बुधवारी मी चौथऱ्याकडे पाहिलं आणि थांबलो.

खुर्चीपुढं खडूनं काढलेली दोन पावलं होती... पांढरीशुभ्र. ताजी.

“हेही जपून ठेवलंय?” मी विचारलं.

अमरसिंहांचा चेहरा आंबट झाला. “शालन! परत खडू? पुसायला सांगितलंवतं न्हवं तुला?”

दारात झाडू घेतलेली साठीची बाई उभी होती. “सकाळीच पुसलंय की. वल्ल्या फडक्यानं.”

“मग ही कोण काढतंय?”

“ज्याला बसाय लागतंय त्यो काढत असंल.”

“बघा सर, ही असली माणसं,” अमरसिंह मला म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “बसा, आलोच,” म्हणत ते बाहेर गेले.

खोलीत दुसरी खुर्ची नव्हती.

“तितं बसू नगासा, पावणं,” शालन म्हणाली.

मी बसलो. झाडूवालीच्या सांगण्यावरून उभं राहायची मला सवय नव्हती. ती बादली उचलून गेली.

पावलं रेघांत ठेवली. डावं पाऊल थोडं बाहेर वळवावं लागलं. समोरच्या घड्याळात चार वीस झाले होते.

आधी वास आला... टर्पेंटाइनचा.

मग आवाज. रिकाम्या ईझलमागून... खस्स... खस्स... कॅनव्हासवर ब्रश फिरावा तसा.

उंदीर असेल, असं मनात म्हणून मी उठायला गेलो.

उठलो नाही.

नीट सांगतो, कारण अशा ठिकाणी लोक वाट्टेल ते लिहितात. मला कुणी धरलं नव्हतं. अंग जड झालं नव्हतं. फक्त उठायची परवानगी नव्हती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्गात बाकावर उभं केलेल्या पोराला ठाऊक असतं तसं.

खिशात फोन थरथरला. हात हलला नाही.

चार चाळीस. डाव्या पायात कळा येऊ लागल्या. चित्र माझ्या पाठीमागं होतं, मान वळवता येत नव्हती.

मग कुणीतरी खोकलं... खूप जवळून. खोलीत कुणीही नव्हतं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना टाळ्या सुरू झाल्या.

भरल्या सभागृहाच्या टाळ्या. पुढून, बाजूंनी, दारापासून. मी समोर पाहत होतो. समोर ऊन होतं आणि रिकामी फरशी.

टाळ्या चालू असतानाच एक माणूस उठला. तो दिसला नाही. त्याच्या बुटांचा आवाज आला... टाचेला लोखंडी नाल मारलेला, घाईचा. तो थेट दाराकडे गेला. थांबला नाही. जिना उतरला.

सत्तावीस वर्षांपूर्वी नाल मारलेले बूट मी वापरायचो.

नंतर हशा झाला. नंतर काहीच नाही.

पाच पस्तीसला शालन परत आली. मला पाहून तिनं बादली खाली ठेवली.

“व्हटबी हलंनात न्हवं? म्हाईत हाय मला.” ती चौथऱ्याजवळ आली. “तुमी पेपरवालं. त्या टायमाला तुमीच लिवलंता. मयताचं नाव समजू शकलं न्हाय.”

मी तेच लिहिलं होतं. बातमीदाराचं ठरलेलं वाक्य आहे ते. समजू शकलं नाही, हे खोटं होतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

“माझा बा हुता त्यो. दोन दिस आमी वाट बघितली, कुठं गेला म्हणून. पेपरात नाव असतं तर कळलं असतं. तंवर ह्यांनी बेवारस म्हणून जाळून मोकळं.” तिचा आवाज चढला नाही. “ह्या चितरापायी हितं झाडू मारत्या मी. कितीदा सांगितलं, पाटीवर नाव घाला. वृद्ध म्हणं! वृद्ध हे काय नाव हाय व्हय?”

तिनं हात पदराला पुसले.

“लिवशीला काय त्याचं नाव?”

माझ्या तोंडातून कसंबसं ‘हं’ निघालं.

“मग उठा. झालं.”

मी उठलो. म्हणजे चौथऱ्यावरून खाली पडलो. बुटांच्या कडांना खडू लागला होता, सगळीकडून. नुकतीच कुणी रेघ ओढल्यासारखा.

मी वही काढली. तिनं सांगितलेलं नाव लिहिलं, परत वाचून दाखवलं, तिच्याकडून खात्री करून घेतली.

बाहेर अमरसिंह भेटले. “कुठं गेलतासा, सर? दोनदा आत येऊन बघितलं. खुर्ची रिकामीच.”

मी पाटीवरच्या नावाबद्दल विचारलं. त्यांना हसू आलं.

“मॉडेलचं नाव कशाला, सर? उद्या खुर्चीच्या सुताराचं घाला म्हणतील.”

त्या संध्याकाळी मी बातमी दिली. म्हाताऱ्याचं नाव तिसऱ्या परिच्छेदात होतं. पाठवण्याआधी दोनदा तपासलं.

सकाळच्या अंकात लिहिलं होतं, ‘मॉडेलचे नाव समजू शकले नाही.’

आमच्या डेस्कवरचे कृष्णात पाटील वीस वर्षं माझ्या बातम्या पाहतात. मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी शांतपणे संगणकावर माझी मूळ कॉपी उघडली.

“हे बघा की. तुमीच लिवलंय.”

माझीच कॉपी होती. माझीच वेळ, सहा बावन्न. ते वाक्य मी लिहिलं नव्हतं. किंवा अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं माझ्या हातानं ते लिहिलं असेल. मला सांगता येत नाही. वहीत नाव होतं. आजही आहे.

शुक्रवारी शुद्धिपत्र दिलं. ऐनवेळी जाहिरात आली, ते काढून टाकलं. शनिवारी परत दिलं. छापून आलं, फक्त नावाच्या जागी कोरी पट्टी होती.

शालनला तोंड दाखवायला मी गेलो नाही.

सोमवारी ऑफिसात माझ्या टेबलाखाली पाहिलं...

दोन पावलं. डावं थोडं बाहेर वळलेलं.

मी हसून पाय बाजूला ठेवले. बातमी लिहिता लिहिता ते कधी रेघांत गेले, कळलं नाही. आमचा शिपाई “साहेब, उठा, झाडायचंय” म्हणाला, तोवर पावणेतीन तास झाले होते.

मी खुर्ची बदलली. टेबल बदललं. मग रजा घेतली.

म्हणून हा मजकूर या पानाकडे पाठवतोय. या पानाची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. पण इथं जागेअभावी कुणी काही कापत नाही.

त्यांचं नाव आबा सत्तू कुरणे. वय अडुसष्ट. राहणार हातकणंगले. सकाळच्या पॅसेंजरनं कोल्हापूरला यायचे आणि चित्रकारांपुढं बसायचे. मागं एक मुलगी, शालन.

मी हे घरी लिहितोय. दुपार आहे. घरात कुणी नाही. बराच वेळ झाला, मी खाली पाहिलेलं नाही.

डाव्या पायात कळा येत आहेत.

वर नाव दिसतंय का, एवढं पाहा. ‘समजू शकले नाही’ असं नव्हे, नाव. दिसत असेल तर मला कळवा.

आणि कळवताना, उठा म्हणा.