बाळंतिणीच्या खोलीतला वारा

बाहेर सत्तेचाळीस अंश तापमान होतं आणि गारव्यासाठी गाजलेल्या नव्या रुग्णालयात माझी मावशी घामाने निथळत होती. तिचं दोन दिवसांचं बाळ रडून रडून लालबुंद झालेलं. असं कसं झालं, ते कुणालाच कळेना.

वैनगंगेकाठचं हे रुग्णालय माझ्या आजोबांनी बांधलं होतं, म्हणजे मावशीच्याच बाबांनी. त्यामुळे लोक माझ्याकडेही रागाने बघत होते. जसं काही विटा मीच रचल्या होत्या. गारव्यासाठी इथे एकही यंत्र नव्हतं. छतावर उंच वातमनोरा (गरम हवा बाहेर सोडणारं धुराडं) होता आणि जमिनीखाली भूनलिका (मातीत पुरलेली मोठी नळी, जिच्यातून येता येता हवा गार होते). ही हवा जमिनीलगतच्या जाळ्यांतून खोल्यांत शिरायची. बाकी सगळीकडे झकास गारवा होता. नेमक्या बाळंतिणींच्याच खोल्या तापलेल्या.

दुपारी जिल्ह्याची समिती येणार होती. खोल्या गार नसतील तर मनोरा बुजवून एसी बसवायचे, असं ठरलं होतं.

"एसी आपली सगळी सौरवीज (उन्हापासून केलेली वीज) गिळून टाकतील," आजोबा म्हणाले. "मग उबपेट्या (नाजूक बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या) कशावर चालवायच्या?" मला फार वाईट वाटलं.

आमचा यंत्रमानव घंटू मात्र एकच पालुपद लावून बसलेला. "जाळ्यांची दारं उघडी आहेत. बिघाड नाही." बिघाड नाही म्हणे. या शहाण्याला घाम येत असता म्हणजे कळलं असतं.

"गरम हवा हलकी असते, ती वर चढायलाच हवी," आजोबा पुटपुटले. "पण मनोऱ्यातून काहीच बाहेर पडत नाहीये."

"आजोबा, आई तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडते?"

"एकातून हवा आत शिरली की दुसऱ्यातून तेल..." ते बोलता बोलता थांबले. "केतकी, खालून हवा आतच येत नाहीये गं."

मी मावशीच्या खोलीत जाऊन सरळ जमिनीवर आडवी झाले. खाटेशेजारच्या जाळीत गोधडी गच्च कोंबलेली होती. पुढच्या खोलीत लुगडं, त्याच्या पुढच्या खोलीत चादर. घंटू फक्त दारं तपासत होता, बोळे नाही.

आजोबांनी घंटूला सगळे बोळे काढायला लावले. त्याची पाठ वळते न वळते तोच मावशीच्या सासूबाईंनी गोधडी परत कोंबली. बाकीच्या खोल्यांतही तेच झालं.

"कायले काढता, व्याहीबुवा? ओली बाळंतीण आहे. वारं लागलं तर जन्मभर कंबर धरून बसंल."

आजोबा चिडले. आता ते विज्ञानाचा तास घेणार, हे मी ओळखलं. पण त्याआधी मावशीच बोलली.

"बाबा, एवढी इमारत बांधलीत. या खाटेवर कधी पडून बघितलंत का?"

आजोबा निमूटपणे खाटेवर पडले. मी गोधडी ओढून काढली, तसा गार झोत थेट त्यांच्या कमरेवर आला. थोड्याच वेळात त्यांनी पाय पोटाशी घेतले.

"विहीणबाई, चूक माझी आहे," ते उठत म्हणाले. "मी हवेचा विचार केला, झोपणाऱ्याचा केलाच नाही."

मग एकच धांदल उडाली. सुतारकामाच्या फळ्या आणल्या आणि प्रत्येक जाळीपुढे तिरका आडोसा बसवला. आता वारा फळीवर आदळायचा आणि जमिनीलगत हळूहळू पसरायचा. खोलीतल्या उष्णतेने तापला की वर चढून मनोऱ्यातून निघून जायचा, आणि त्याच्या जागी नवा गार वारा यायचा. यालाच वायुवीजन (खोलीतली हवा सतत बदलत ठेवणं) म्हणतात. फळीला दोरी बांधून आजोबांनी ती मावशीच्या हातात दिली. वारा किती हवा, ते आता तिनेच ठरवायचं.

सासूबाईंनी स्वतः खाटेवर पडून खात्री करून घेतली. मग बाकीच्या खोल्यांमधले बोळे त्यांनीच काढायला लावले.

समितीच्या प्रमुख बाई आल्या त्या घाम पुसतच. आत उभं राहिल्यावर त्यांनी रुमाल पर्समध्ये ठेवला. बाळ गाढ झोपलेलं होतं.

"एसी लपवलेत कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

मनोरा राहिला. आम्ही जिंकलो होतो, आणि मला नाचावंसं वाटत होतं. वर बाई म्हणाल्या, "अशी आणखी तीन रुग्णालयं हवी आहेत. आराखडा (बांधकामाआधी काढायचं चित्र) कधी देताय?"

"जरा थांबा," आजोबा म्हणाले. "आधी तिथल्या आजारी माणसांना विचारून येतो."

सासूबाईंनी पदर खोचला. "अन् त्यांच्या सासवांले कोण विचारंल?"

"तुम्ही," आजोबा म्हणाले. "उद्या सकाळी गाडी निघते."