गुलाबी निशिगंध

पूर्वाने होळीचा उरलेला गुलाबी रंग नंदकुमारकाकांच्या संडासात ओतला आणि दोनदा पाणी सोडलं. दाराशी पहाऱ्याला काकांचीच मुलगी स्वरदा होती. ती नाक दाबून म्हणाली, "जल्दी कर यार, बाबा आते ही होंगे."

लखनऊच्या विकास नगरातली ही चार घरांची इमारत. सगळ्यांना पाणी अंगणातल्या एकाच जमिनीखालच्या टाकीतून यायचं. पूर्वाचा सात वर्षांचा भाऊ मयूर महिन्यात तिसऱ्यांदा जुलाबाने आडवा झाला होता. तो चोरून गाड्यावरचे बताशे, म्हणजे आपली पाणीपुरी, खातो, असं आईने ठरवूनच टाकलं होतं. उरलेली सुट्टी त्याला नागपूरला आजोळी धाडायचं तिकीटही निघालं होतं. "मी नाही खाल्ले," एवढंच तो भिंतीकडे तोंड करून म्हणायचा.

पूर्वाचा त्याच्यावर विश्वास होता. मे महिन्यात अंगणातलं गवत करपलं होतं, पण सगळ्या संडासांच्या मैल्याच्या टाकीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक पट्टा हिरवागार होता. तिथे पाय ठेवला की चिखल पचकन वर यायचा, आणि वास तर विचारूच नका. इमारतीचे सेक्रेटरी नंदकुमारकाकाच. पाणी आरशासारखं स्वच्छ आहे, असं सांगून त्यांनी तक्रार घेऊन आलेल्या मुलींना हाकलून लावलं होतं.

संडासात रंग ओतून दोन दिवस झाले तरी तो नळाला दिसेना. मग पूर्वाने पांढऱ्या निशिगंधाच्या दोन काड्या आणल्या. एक नळाच्या पाण्यात ठेवली, दुसरी स्वरदाच्या घरी येणाऱ्या जारच्या पाण्यात.

"पाकळ्यांतून पाणी उडून जातं," ती म्हणाली. "रंग उडत नाही, तो साचत जातो."

दुसऱ्या दिवशी जारच्या पाण्यातलं फूल पांढरंच होतं. नळाच्या फुलाच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. स्वरदा आनंदाने नाचली. मग आपण दात याच नळावर घासतो हे तिला आठवलं, आणि ती थुंकत सुटली.

संध्याकाळी सगळे अंगणात जमले. काका पुन्हा आरशासारखं वगैरे सांगू लागले, तेव्हा पूर्वाने नळाचा ग्लास पुढे केला. काकांचा हात हलला नाही.

"बाबा, आपल्याकडे दिवाळीपासून जार का येतो?" स्वरदाने विचारलं.

शेवटी काकांनी कबूल केलं. मैल्याचा पाइप फुटल्याचं प्लंबरने दिवाळीतच सांगितलं होतं. काकांनी आज-उद्या करत ते लोटलं होतं. पाण्याची टाकी उपसली तेव्हा निघालेला काळा गाळ पाहून सगळ्यांना ओकारी आली. वरच्या मजल्यावरच्या माधवआजोबांनी मात्र नाकाला रुमाल लावूनच दोघींची पाठ थोपटली.

आई मयूरच्या उशाशी बसली. "चुकलं माझं, बाळा." तिने फोनवरचं तिकीट रद्द करून त्याला दाखवलं.

मयूरने भिंतीकडचं तोंड वळवलं. "मग आता खाऊ का बताशे?"