नानासोंच्या मुठीतलं टोपण

सकाळी सातला तासगावच्या बेदाणा शेडमध्ये रिटायर्ड सुभेदार नानासो सापडले. पोटमाळ्याच्या शिडीखाली, मान मोडलेली, मुठीत पेनाचं टोपण. पडले ते नेमके निवडायला पसरलेल्या बेदाण्यावर. घरचे हळहळत होते. माल एक नंबरचा होता.

फौजदार राजेश्वरी पोचली तोवर गुन्हा उलगडलाही होता. स्वयंपाकीण धोंडुबाईच्या पिशवीत बिनटोपणाचं पेन सापडलं होतं आणि पुतण्या विश्वजीतनं तिला खांबाला बांधलं होतं. आता तो छातीवर टॉवेल दाबून रडत होता. टॉवेल एकदाही डोळ्यांपर्यंत गेला नाही.

"पेन चोरलं, काकांनी पकडलं, हिनं ढकललं," तो म्हणाला. "मॅडम, न्या हिला. जन्मठेप बसली पायजे."

"पिशवीत पेन कसं आलं?" राजेश्वरीनं धोंडुबाईला विचारलं.

"मला काय ठावं? मला लिवाय येत न्हाई. पेनानं काय आमटी ढवळू?"

"नानासोंचंच आहे?"

"व्हय. जोडी हुती. थोरलं त्येंचं, धाकलं त्येंच्या मालकिनीचं, बनुकाकींचं. दोन सालामागं काकी गेल्या, तवा नानांनी त्येंचं पेन चितेवर छातीशी ठिवलं. माझंबी असंच ठिवा म्हनायचे."

"अग्नी कुणी दिला?"

"नानांचं हात कापत हुतं. मग विश्वजीतनं दिला."

राजेश्वरीचे वडील सांगलीत पेनं दुरुस्त करायचे. तिनं पेन उजेडात धरलं. पार्कर एक्कावन्न. टोपणही एक्कावन्नचंच. तिनं ते लावून पाहिलं. अर्ध्यावर अडलं.

"केरबा, पट्टी."

हवालदार केरबानं विश्वजीतच्या बायकोची, सोनियाची, शिवणाची टेप आणली. राजेश्वरीनं मापं घेतली.

"मॉडेल एकच, साइज दोन. पेन मोठं आहे. टोपण डेमीचं, म्हणजे त्याच मॉडेलच्या लहान पेनाचं. नानासोंच्या मुठीत बनुबाईंच्या पेनाचं टोपण आहे. जे चितेत जळालं."

सोनिया खाली बसून बेदाणे निवडत होती. रक्त लागलेले वेगळे.

"जळालेलं टोपण एवढं चकचकीत कसं, विश्वजीत? अग्नी देणाऱ्याचे हात कुणी तपासत नाही. तू चुलतीच्या छातीवरचं पेन उचललंस. आज माळ्यावर नानासोंनी ते तुझ्या खिशाला ओळखलं, झडप घातली, टोपण त्यांच्या हातात आलं. तू ढकललंस. मूठ उघडेना. मग त्यांच्या खिशातलं मोठं पेन घेतलंस, टोपण काढून पेन हिच्या पिशवीत टाकलंस. तुला वाटलं, पार्कर म्हणजे पार्कर."

"पुरावा काय?"

"टॉवेल काढ."

काढेना. केरबानं काढला. खिशाखाली भाकरीएवढा निळा डाग. खिशाला मोठं टोपण अडकलेलं, आणि त्यातून निसटलेलं डेमी तळाशी शाई गाळत पडलेलं.

"फेकायचं न्हाई व्हय तुमी!" सोनिया ओरडली.

"जुन्या पेनाला पुन्याचं गिऱ्हाईक येनार हुतं," विश्वजीत म्हणाला. "आन् धाकल्याला टोपन काय, थोरल्याचं आयतंच मिळालं हुतं."

दोन्ही पेनं मुद्देमालाच्या पाकिटात गेली. धोंडुबाई वळ उठलेली मनगटं चोळत उभी होती.

"म्याडम, मग नानांच्या छातीशी काय ठिवू?"

सोनियानं मान वर केली नाही.

"बॉलपेन ठिव. जळायचंच हाय."