यादीतली बारावी बातमी

शनिवारची अर्धी शाळा सुटली, मुलांचा गलका फाटकाबाहेर गेला आणि आंबेझरीच्या माध्यमिक विद्यालयाच्या संगणक कक्षात शकीला तांबोळी बाई एकट्या उरल्या. थोड्याच वेळात भाकितयंत्राने येत्या आठवड्याच्या बातम्या पडद्यावर मांडल्या. नेहमीप्रमाणे बारा.

बाई मराठी शिकवत आणि गेली अकरा वर्षे शाळेचे साप्ताहिक वार्तापत्र चालवत. पहिली आठ वर्षे त्यात होऊन गेलेल्या गोष्टी असत: खो-खोचे सामने, वृक्षारोपण, वक्तृत्वाची बक्षिसे. तीन वर्षांपूर्वी यंत्र आले आणि वार्तापत्रात होणाऱ्या गोष्टी येऊ लागल्या. मुलांची हजेरी, गृहपाठ, मैदानावरची धावपळ, फोनवरच्या गप्पा यांवरून यंत्र पुढचा आठवडा मांडे. सोमवारी प्रार्थनेआधी बातम्या फाटकाजवळच्या प्रकाशफलकावर झळकत, त्याच क्षणी पालकांच्या फोनवर जात आणि शनिवारपर्यंत एकेक खरी होई. बाईंकडे आता फक्त शुद्धलेखन उरले होते.

त्या दिवशी चौथ्या बातमीशी त्यांचा हात थबकला. ‘नववी ब मधील कस्तुरी भोयर हिने शाळा सोडली. ती मावशीकडे सुरतेला गेली.’

कस्तुरीचे निबंध बाई शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवत. तिची आई लहानपणीच वारली होती. सुरतेच्या मावशीला बाळ झाले होते आणि ते सांभाळायला तिने भाचीला बोलावले होते. पंधरा दिवसांपूर्वी कस्तुरीने बाईंना सांगितले होते की बाबा काही बोलतच नाहीत, त्यांना मी जावे असे वाटत असेल. मग दुधाचा टँकर चालवणारे तिचे वडील दिलीप भोयर एकदा शाळेत डोकावले होते आणि पोरीच्या मनात काय आहे ते कळत नाही म्हणून हळहळले होते. बाईंनी दोघांनाही घरी मोकळेपणाने बोलायला सांगितले होते. ते बोलले नव्हते, हे उघड होते.

बाईंनी अन्विता सोमकुंवरला फोन लावला. यंत्र तिनेच बनवले होते. वीस वर्षांपूर्वी ती याच शाळेतून बाहेर पडली होती आणि अजूनही शेजारच्या तालुक्यातच राहत होती. ती तासाभरात आली. तिने बातमी वाचली.

“बाई, यंत्राला भविष्य दिसत नाही,” ती म्हणाली. “समजा, सोमवारी छापलं की आपल्या मुली खो-खोत हरल्या. त्या चिडून सराव करतील आणि जिंकतील. बातमी खोटी ठरली. जिंकल्या असं छापलं, तर निर्धास्त होतील आणि हरतील. तीही खोटी. म्हणून यंत्र अशी बातमी शोधतं, की ती वाचून माणसं जे करतील त्यानेच ती खरी होईल. तिला आम्ही स्थिरवार्ता म्हणतो.”

“म्हणजे कस्तुरी जाणार आहे म्हणून हे छापलेलं नाही.”

“ती वाचेल आणि समजेल, बाबांनी ठरवलं. बाबा वाचतील आणि समजतील, पोरीनं ठरवलं. दोघंही एकमेकांना अडवणार नाहीत. बातमी टिकते.”

मग न छापता सोडून दिली तर काय होईल, असे त्यांनी विचारले. अन्विता म्हणाली की ते यंत्राने मोजलेलेच नाही. बाराही बातम्या एकमेकींना धरून असतात. एक काढली तर उरलेल्यांची हमी देता येत नाही.

बाई खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. खिडकीपर्यंत जाऊन त्या वळल्या. “अशी टिकणारी यादी एकच असते का?”

अन्विताने कबूल केले की साधारण तीन-चार सापडतात. ज्या यादीने सर्वांत कमी खळबळ होईल तेवढीच यंत्र पुढे करते, बाकीच्या साठवून ठेवते. हा नियम तिनेच घातला होता. संस्थेने शांत आठवडे मागितले होते.

तिने दुसरी यादी उघडली. चौथी बातमी होती: ‘कस्तुरी भोयर हिने शाळेतच राहायचे ठरवले.’ बाईंचा श्वास जरा मोकळा झाला. त्या पुढे वाचत गेल्या आणि बाराव्या बातमीवर थांबल्या. ‘मराठीच्या शिक्षिका शकीला तांबोळी यांनी राजीनामा दिला.’

“यादी बदलली म्हणून काढतील मला,” बाई म्हणाल्या.

“कारण यंत्र सांगत नाही, बाई. नुसती घटना सांगतं.”

रविवारी बाईंना कुठे बसवेना. धुतलेली भांडी त्यांनी पुन्हा घासली. बहिणीला फोन केला आणि हवापाण्याचे बोलून ठेवून दिला. एकवीस वर्षे त्या या शाळेत होत्या. एका मुलीसाठी एवढे करायचे का, असे मन विचारी. आणि ते असे विचारते याचीच त्यांना लाज वाटे. सोमवारी पावणेसातला त्यांनी शाळा उघडली आणि दुसरी यादी फलकावर चढवली, बाराच्या बारा बातम्यांसह.

प्रार्थनेच्या वेळी सगळी शाळा त्यांच्याकडे वळून पाहत होती. मुख्याध्यापक वानखडे सरांनी विचारले तेव्हा, यादीत आहे तसे छापले, एवढेच त्या म्हणाल्या. मधल्या सुट्टीत दिलीप भोयर टँकर रस्त्याकडेला लावून आले. पोरीनं स्वतःच ठरवलं ते बरं झालं, माझ्या तोंडून ‘जाऊ नको’ निघत नव्हतं, असे म्हणून त्यांनी डोळे पुसले. शेवटच्या तासाला कस्तुरी भेटली. तिला वाटत होते की बाबांनीच ठरवले. बाई दोघांनाही काही बोलल्या नाहीत. मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता, तरी तो पाहताना त्यांना चोरी केल्यासारखे वाटत होते.

आठवडा पुढे सरकला. खो-खोचा सामना बरोबरीत सुटला. सातवीच्या मुलांनी प्रयोगशाळेच्या बंद नळासाठी अर्ज दिला आणि नळ सुरू झाला. एकेक बातमी खरी होत होती आणि बाई बोलावण्याची वाट पाहत होत्या.

ते शुक्रवारी आले. संस्थेचे सचिव देवतळे साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले होते. बाईंनी दुसऱ्या यादीपासून सगळे सांगून टाकले आणि शिक्षेसाठी मान खाली घातली. पण देवतळे रागावले नाहीत. पालक खूश आहेत, असे ते म्हणाले. शाळेत जान आल्यासारखी वाटते. राजीनाम्याचे मनावर घेऊ नका, यंत्र एकदा चुकले म्हणून बिघडत नाही. यापुढे दर शनिवारी सगळ्या याद्या तुमच्याकडे येतील, तुम्हाला बरी वाटेल ती निवडा.

“तुमच्याइतकं मुलांना कोण ओळखतं?” ते म्हणाले.

बाई बाहेर आल्या त्या हलक्या होऊन. पाय आपोआप संगणक कक्षाकडे वळले. निवडायचे तर सवय हवी, म्हणून त्यांनी मागच्या वर्षीचा एक आठवडा उघडला. छापलेल्या यादीत होते: ‘आठवीतील पार्थ ढोबळे याने गायन स्पर्धेतून नाव मागे घेतले.’ ती बातमी त्यांना आठवत होती. ‘मागे’ची मात्रा त्यांनीच दुरुस्त केली होती. न छापलेल्या यादीत पार्थ गायला होता. मात्र त्याच यादीत सहावीतल्या एका मुलीने मैत्रिणींशी बोलणे सोडले होते. तिसऱ्या यादीत ती हसत-खेळत होती आणि दुसरेच कुणी घरी बसले होते.

त्यांनी सहा आठवडे पाहिले. सातवा उघडवेना. सहाशे मुले होती आणि प्रत्येक शनिवारी त्यांतले कुणी ना कुणी त्यांना निवडावे लागणार होते. आणि ज्याला वगळले त्याला ते कधी कळणारही नव्हते.

शनिवारी सकाळी त्या कोरा कागद घेऊन बसल्या. अकरा बातम्या घडून गेल्या होत्या. बारावी खोटी ठरली असती, तरी कस्तुरीचे आता काही बिघडणार नव्हते. यंत्राला खोटे पाडण्यासाठी तरी राहावे, असे त्यांनी स्वतःला तासभर समजावले. पण राहायचे म्हणजे निवडायचे, आणि ते त्यांच्याने होणार नव्हते. मग त्यांनी चार ओळी लिहिल्या.

देवतळ्यांनी पत्र दोनदा वाचले. “छापलं होतं म्हणून देताय का हे?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “छापलं होतं म्हणूनच द्यायला एवढा वेळ लागला.”

त्यांनी नमस्कार केला आणि दाराकडे वळल्या. मागे देवतळे वानखडे सरांना हळूच विचारत होते की सोमवारची यादी आता कोण निवडणार.