ओठबोलीतली कबुली

त्या शनिवारी दुपारी बाजारचौकात पाऊस पडत होता. इंग्लंडातल्या आमच्या लँकेशायरात ही बातमी नव्हे. पडत नसता तर लोक काळजीनं घराबाहेर आले असते.

हेटी ग्रिमशॉ भिजलेली शाल सावरत एका फुटपाथवर उभी, मार्थामावशी समोरच्या. मध्ये ट्राम, घोडागाड्या, गलका. पण कापडगिरणीच्या साळखात्यात विणणाऱ्या बायकांना गलक्याचं काय? साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात आवाज चालत नाही, म्हणून त्या ओठांनी बोलतात. प्रत्येक शब्द तोंडभर घडवायचा, आवाज मात्र काढायचा नाही.

“मावशी, नवा पोलीस पाहिलास?” हेटीचे ओठ हलले. “कान नसते तर हेल्मेट गळ्यात आलं असतं!”

कोपऱ्यावरचा तो पोलीस वळला… आणि तितक्याच मुकाट्यानं त्याचेही ओठ हलले.

“कान आईकडचे आहेत. तीस वर्षं साचे चालवले तिनं. आता ऐकू येत नाही, घरात आम्ही असंच बोलतो.”

हेटी ट्रामपेक्षा लाल झाली.

त्याचं नाव एनॉक शार्पल्स. मग रोज भोंगा झाला की तो गिरणीसमोर हजर. हेटी आणि मावशी बायकांना मताचा हक्क मागणाऱ्यांतल्या, आणि गस्तीवर असताना अशा मताधिकारवाल्या बायांशी बोलायची पोलिसांना मनाई होती; ओठ हलवण्याबद्दल नियमात काही नव्हतं. रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला, झिरमिर पावसातून शब्द तरंगत जायचे… भिजायचे नाहीत.

“केसांत कापूस अडकलाय.”

“मग? जप्त करताय, शिपाईबुवा?”

“रविवारी फिरायला येशील?”

“मत मिळाल्यावर.”

“…शनिवारपर्यंत मिळेल?”

एका सोमवारी मात्र घोटाळा झाला. हेटीनं सवयीनं, भर चौकात, मावशीला ओठांनी सांगितलं, “गुरुवारी मंत्री येतोय. नगरभवनाची मोठी खिडकी. दगड माझा.”

आजवर पोलिसांसमोर सगळे बेत असेच ठरले होते. एका पोलिसाला आपली बोली वाचता येते, हे ती साफ विसरली. वळून पाहिलं, तर एनॉकचा चेहरा पांढराफटक.

त्यानं पहिल्यांदाच रस्ता ओलांडला. त्याचा आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला. खर्जातला, किंचित घोगरा.

“नको गं. मलाच धरावं लागेल तुला.”

“मग नीट धर.”

“हेटी, तुरुंगात तू उपोषण करशील… आणि ते भरवायला घशात नळी कोंबतात.”

“ठाऊक आहे. मावशीचा घसा अजून बरा नाही.” ती म्हणाली. “चहावर कर भरते, साखरेवर भरते. मत मागणाऱ्या सह्यांचे गठ्ठे लंडनला पाठवले, त्यावर कुणी कप ठेवला असेल. दार वाजवून उघडलं नाही, तर माणूस काय करतं?”

“…खिडकी.”

“शहाणा आहेस.”

“कोर्टात सांगेन, पाहिलंच नाही. सुटशील.”

“तसं बोललास, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस! मी केलं ते माझ्या नावावर लागू दे. आजवर तेवढंही लागलेलं नाही.”

गुरुवारी काच फुटली. एनॉकनं तिचा दंड इतक्या हळुवार धरला, की जमादारानं विचारलं, “बाईंना रस्ता ओलांडून देतोयस का रे?”

शुक्रवारी कोर्ट. गॅलरीत तीस विणकरणी, मध्ये मावशी. न्यायाधीश मानद, धंद्यानं साबणाचे व्यापारी होते. आम्ही कुणीच स्वच्छ नाही, असं त्यांचं मत होतं.

“शिपाई, दगड कुणी मारला?”

एनॉकनं आरोपीच्या पिंजऱ्यातल्या हेटीकडे पाहिलं. हेटी त्याच्याकडे पाहत राहिली.

“हेटी ग्रिमशॉनं, साहेब,” तो म्हणाला. “जाणूनबुजून. पहिल्याच फेकीत. नेम उत्तम.”

“चौदा दिवस तुरुंग!”

हेटी हसली. एनॉकनं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. कान ऐटीत बाहेर आले, आणि ओठ हलले, “चौदा दिवसांनी फाटकाशी उभा असेन. हे हेल्मेट नसेल. मत मिळेपर्यंत थांबेन. माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

गॅलरीत तीस बायकांनी एकदम डोळ्यांना पदर… म्हणजे शाल लावली.

हेटीचे ओठ हळूच उमलले. “सुटल्यावर रविवारी फिरायला ये. मतासाठी दोघांनी मिळून थांबू.”

गॅलरीतल्या टाळ्यांनी छप्पर दणाणलं. न्यायाधीश ओरडले, “शांतता! टाळ्या कसल्या? कोण काय बोललं?”

कारकुनानं इमानदारीनं नोंदवही पाहून सांगितलं, “कुणीच नाही, साहेब.”